किती चिकटवावे? खनिज भरलेल्या प्लास्टिकमधील सांध्याचा विचार



प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय तडकला किंवा शेतातल्या पाइपाची सॉकेट फुटली, की आपल्याकडे एक निदान ठरलेले असते: ‘कॅल्शियम जास्त मारलाय.’ हा कॅल्शियम म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीची किंवा संगमरवराची बारीक दळलेली भुकटी. या निदानात तथ्य आहे, पण ते अर्धेच. तीच भुकटी त्याच प्रमाणात घातली असता एक प्लास्टिक ठिसूळ होते आणि दुसरे मूळच्यापेक्षा चिवट होते, हे प्रयोगशाळांत पुन्हापुन्हा दिसून आले आहे. फरक पडतो तो भुकटीचा कण केवढा आहे, त्याच्या अंगावर काय चोळले आहे आणि तो भोवतालच्या प्लास्टिकला किती घट्ट धरतो यामुळे. खनिज आणि प्लास्टिक यांच्यातला सांधा जितका घट्ट तितकी वस्तू चांगली, अशी समजूत कारखान्यांतही आढळते. ती चुकीची आहे, असे मला आज मांडायचे आहे. वस्तू कोणत्या प्रकारे निकामी होण्याची भीती आहे हे आधी ओळखायचे आणि त्यावरून सांधा घट्ट ठेवायचा की सैल हे ठरवायचे. ॲडिटिव्हची, म्हणजे थोड्या प्रमाणात मिसळायच्या द्रव्याची, निवड त्यानंतरची.

पण त्याआधी एक आक्षेप निकालात काढायला हवा. भुकटी घालणे म्हणजेच भेसळ, असे अनेकांना वाटते. इतिहास तसे सांगत नाही. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली बेकलाइट तयार केले, तेव्हा नुसती राळ ठिसूळ होती. लाकडाचा भुसा मिसळल्यावरच त्यातून स्विच आणि टेलिफोन घडवता आले. मोटारीचे टायर काळे असतात ते रबरात घातलेल्या काजळीमुळे. १९०४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सिल्व्हरटाउन येथे काजळीने रबर बळकट होते हे लक्षात आले आणि पुढे टायरचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले. त्या काजळीला कोणी भेसळ म्हणत नाही. पॉलिप्रॉपिलीनचेही तसेच आहे. १९५४ साली इटलीत जुलिओ नत्ता यांनी बनवलेले हे प्लास्टिक हलके, स्वस्त आणि रसायनांना दाद न देणारे आहे, पण तापमानाबरोबर ते पोलादाच्या सुमारे आठपट फुगते. दीड मीटर लांबीचा नुसत्या पॉलिप्रॉपिलीनचा बंपर पहाटेच्या थंडीपासून दुपारच्या उन्हापर्यंत चाळीस अंशांचा फरक सोसताना सहा मिलिमीटरच्या आसपास लांबेल. पत्र्याच्या गाडीला असा बंपर नीट बसणार नाही. म्हणून चाकणला काय किंवा जगात इतरत्र काय, बंपरच्या दाण्यात रबर आणि टाल्क, म्हणजे आपले शंखजिरे, घातलेले असते. तिथे खनिज ही गरज आहे.

पैशाचा हिशेबही आपण समजतो तितका सरळ नाही. प्लास्टिकचा दाणा वजनावर विकला जातो, साचा मात्र आकारमानाने भरतो. एक लिटर पॉलिप्रॉपिलीन सुमारे ९०५ ग्रॅम भरते; टाल्कची घनता त्याच्या तिप्पट. वजनाने २० टक्के टाल्क घातला तर मिश्रणाचे लिटर सुमारे १,०४५ ग्रॅमचे होते आणि त्यात प्लास्टिक उरते ८३५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ‘वीस टक्के भरले’ असे म्हणणाऱ्याचे प्लास्टिक प्रत्यक्षात साडेसात टक्केच वाचले. त्यातून दळण्याचा, मिसळण्याचा आणि जास्त वजनाच्या वाहतुकीचा खर्च वजा करायचा. नगावर विकणाऱ्या प्रामाणिक उत्पादकाला फक्त स्वस्ताईसाठी खनिज भरणे फारसे परवडत नाही. परवडते ते किलोवर विकणाऱ्याला, कारण तो दगड प्लास्टिकच्या भावाने विकतो. तेव्हा लबाडी असलीच तर ती विक्रीच्या रीतीत आहे. तिचा दोष खनिजाच्या माथी मारल्यामुळे खनिजाचा चांगला उपयोग करणाऱ्यालाही आपण संशयाने पाहू लागलो आहोत, आणि हे नुकसान लहान नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. खनिज घातल्याने ताठपणा हमखास वाढतो. द्रवात तरंगणाऱ्या गोल कणांमुळे द्रव किती दाट होतो याचे गणित आइनस्टाइन यांनी १९०६ साली मांडले आणि १९११ साली दुरुस्त केले: कणांचे आकारमान जितके टक्के, त्याच्या अडीचपट वाढ. घन पदार्थाच्या ताठपणालाही, कण थोडे असतील तोवर, हेच गणित ढोबळमानाने लागू पडते. साडेसात टक्के आकारमानाला जवळपास १९ टक्के वाढ. शंखजिऱ्याचे कण गोल नसतात, त्याचे चपटे पापुद्रे असतात, म्हणून ते याहून पुष्कळ जास्त देतात. वजनाने २० टक्के टाल्क घातलेले पॉलिप्रॉपिलीन नुसत्याच्या दीडपटीहूनही ताठ भरते. शिवाय टाल्कच्या पृष्ठभागावर पॉलिप्रॉपिलीनचे स्फटिक लवकर जमू लागतात, आणि तो फायदा वेगळाच. मात्र ताठपणा मोजताना नमुना अगदी किंचित ताणलेला असतो. तेवढ्या ताणात कण आणि प्लास्टिक एकमेकांपासून सुटायची वेळच येत नाही, त्यामुळे सांधा कसाही असला तरी ताठपणाचा आकडा चांगला येतो. माहितीपत्रकावरचा हाच आकडा बघून माल घेणारे फसतात ते इथे. ताण वाढवत नेला की सांध्याची परीक्षा सुरू होते. कुठे तरी कण सुटतो आणि त्याच्याभोवती पोकळी पडते. तिथून पुढे प्लास्टिक वितळल्यासारखे ओढले जाते की फाटत जाते, यावर सगळे अवलंबून असते.

या टप्प्यावर स्टीअरिक आम्ल येते. हे चरबीपासून मिळणारे मेणचट आम्ल, आणि प्लास्टिकसाठी दळलेल्या कॅल्शियम कार्बोनेटवर सर्रास चोळले जाणारे द्रव्य. ते का चोळतात असे विचारले, तर दहांपैकी नऊ ठिकाणी उत्तर मिळते: ‘भुकटी प्लास्टिकला चिकटावी म्हणून.’ प्रत्यक्षात घडते नेमके उलट. कॅल्साइटच्या, म्हणजे याच कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाच्या, उघड्या पृष्ठभागाची ऊर्जा दर चौरस मीटरला २०० मिलिज्यूलच्या घरात असते, पॉलिप्रॉपिलीनची ३० च्या आसपास. स्टीअरिक आम्लाचा थर चढला की कॅल्साइटची ऊर्जा चाळिसाच्या जवळ उतरते, आणि मग तो प्लास्टिकला पूर्वीपेक्षा कमी धरून राहतो. मग फायदा कसला? फायदा असा, की उघडे कण प्लास्टिकपेक्षा एकमेकांनाच फार जोराने धरतात. त्यांच्या गुठळ्या होतात, त्या मिसळणाऱ्या यंत्राच्या स्क्रूमध्ये फुटत नाहीत आणि तयार वस्तूत तशाच राहतात. प्रत्येक गुठळी म्हणजे आतून कोरडे, बंध नसलेले ढेकूळ. वस्तूवर आघात झाला की भेग तिथूनच निघते. थर चढवल्यावर कणाकणांमधले आकर्षण फार कमी होते, प्लास्टिकशी असलेले त्या मानाने थोडेच कमी होते, आणि या सौद्यात आपला नफा होतो. करंजीच्या पिठाला तुपाचे मोहन चोळतात त्यामागे हेच तत्त्व आहे: पिठाच्या कणांनी पाण्यामुळे एकमेकांना फार घट्ट धरू नये, पारी खुसखुशीत व्हावी. आणि मोहन जास्त झाले तर करंजी तेलात सुटते, हेही तितकेच खरे.

मोहन किती, याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या व्यासाचे कॅल्साइटचे कण धरले तर एका किलोतल्या सर्व कणांचा पृष्ठभाग मिळून सुमारे २,२०० चौरस मीटर भरतो, म्हणजे बावीस गुंठे जमीन. स्टीअरिक आम्लासारख्या स्निग्धाम्लाचा एकेक रेणू उभा राहून किती जागा व्यापतो हे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ साली पाण्यावरच्या तवंगावरून मोजले होते. ती जागा सुमारे ०.२ चौरस नॅनोमीटर. या दोन आकड्यांवरून हिशेब केला की बावीस गुंठ्यांवर रेणूंचा एकेरी थर पसरायला पाच ग्रॅमच्या आसपास स्टीअरिक आम्ल लागते. किलोला पाच ग्रॅम! कण पाच मायक्रॉनचे असले तर एक ग्रॅम पुरते. कण सत्तर नॅनोमीटरचे असले तर तोच किलो पावणेआठ एकरांवर पसरतो आणि पंचाहत्तर ग्रॅम मागतो. म्हणून ‘एक टक्का टाका’ असा सरसकट सल्ला निरर्थक आहे. कमी पडले तर गुठळ्या राहतात. जास्त झाले तर उरलेले आम्ल प्लास्टिकमध्ये वंगणासारखे मोकळे फिरते, साच्यात दोन प्रवाह जिथे मिळतात ती रेघ कमजोर करते आणि वस्तूच्या पृष्ठभागावर येऊन बसते. कणाचा आकार विचारल्याशिवाय मात्रा सांगणारा सल्लागार आणि वय विचारल्याशिवाय औषध देणारा वैद्य यांच्यात मला फरक दिसत नाही.

सैल सांध्याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अली अर्गोन, रॉबर्ट कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास दिला. त्यांनी पॉलिएथिलीनमध्ये कॅल्शियम स्टीअरेटचा, म्हणजे स्टीअरिक आम्लाच्याच क्षाराचा, थर दिलेले कॅल्साइटचे कण मिसळले. दोन शेजारच्या कणांमधल्या प्लास्टिकची जाडी सुमारे ०.६ मायक्रॉनपेक्षा कमी झाली की आघात सोसण्याची क्षमता एकदम वाढत होती. रबराने चिवट केलेल्या नायलॉनमध्ये अशीच एक मर्यादा असते, हे ड्युपॉन्टच्या सौहेंग वू यांनी १९८५ मध्ये दाखवले होते. एमआयटीच्या कामाचे वैशिष्ट्य असे, की रबरासारख्या मऊ पदार्थाच्या जागी इथे दगड होता. दगडाने प्लास्टिक चिवट होते ते कण वेळेवर सुटतात म्हणून. कण सुटला की त्याच्याभोवती पोकळी होते, पोकळ्यांमधले पातळ प्लास्टिक मोकळे होऊन ओढले जाते, आणि त्या ओढले जाण्यात आघाताची ऊर्जा खर्ची पडते. कण घट्ट चिकटवून टाकला असता तर प्लास्टिकला ओढले जायला वावच मिळाला नसता, आणि भेग सरळ धावली असती. २००२ साली त्याच गटाने पॉलिप्रॉपिलीनमध्ये ०.०७, ०.७ आणि ३.५ मायक्रॉन अशा तीन आकारांचे कण तपासले. मधल्या आकाराने आघातशक्ती चौपटीपर्यंत वाढली. बाकीच्या दोघांनी एक तर काही दिले नाही किंवा नुकसान केले. फार मोठा कण सुटला की त्याची पोकळी स्वतःच भेग होऊन बसते. फार बारीक कण सहज सुटत नाहीत, आणि त्यांच्या गुठळ्याही लगेच होतात. ‘जितके बारीक तितके उत्तम’ ही जाहिरातीतली भाषा इथे साफ खोटी ठरते.

यावर एक रास्त प्रश्न येईल: सैल सांधा इतका उपकारक असेल, तर सिलेन आणि मलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन यांसारखी, मुद्दाम चिकटवणारी द्रव्ये उद्योग कशाला वापरतो? कारण सगळ्या वस्तू आघाताने मरत नाहीत. वॉशिंग मशीनचा टब किंवा इंजिनाजवळचा पंख्याचा आवरणभाग सततच्या भाराखाली, उष्णतेत, हळूहळू वाकून निकामी होतो. तिथे भार प्लास्टिककडून खनिजाकडे जायला हवा, आणि तो सांध्यातूनच जातो. काचतंतूंचे उदाहरण घेऊ, कारण त्यात हिशेब स्वच्छ दिसतो. तंतूची पूर्ण ताकद उपयोगात यायची तर त्याची लांबी एका किमान मर्यादेपेक्षा जास्त हवी, हे केली आणि टायसन यांनी १९६५ मध्ये मांडले. दहा मायक्रॉन जाडीच्या, २,००० मेगापास्कल ताण सोसणाऱ्या तंतूसाठी सांधा १० मेगापास्कलला घसरत असेल तर ही मर्यादा एक मिलिमीटर येते. सांधा २० ला टिकत असेल तर अर्धा मिलिमीटर. स्क्रूमधून आणि साच्यातून जाताना तंतू तुटून पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली येतात. म्हणजे सांधा घट्ट केल्याशिवाय तुटलेल्या तंतूंची बरीच ताकद फुकट जाते. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ३० टक्के काचतंतू नुसते घातले आणि तेच मलेइक ॲनहायड्राइडवाले पॉलिप्रॉपिलीन टक्का-दोन टक्के घालून जोडले, यांत ताण सोसण्याच्या शक्तीत दीडपटीहून जास्त फरक पडतो. राजस्थानात मोठ्या प्रमाणावर निघणाऱ्या वोलास्टोनाइटच्या सुईसारख्या कणांनाही, प्रमाण कमी असले तरी, हाच नियम आहे. आणखी एक गोष्ट अनेकदा विसरली जाते: सिलेन काचेला, वोलास्टोनाइटला, अभ्रकाला धरते कारण त्यांच्या पृष्ठभागावर त्याला पकडायला जागा असते. कॅल्साइटवर तशी जागा नसते, तिथे साधे सिलेन जवळपास वाया जाते. महागडे द्रव्य चुकीच्या खनिजावर चोळून ‘ॲडिटिव्हचा काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

नॅनोपदार्थांनी हा सगळा विचार मागे टाकला, असे मत मधल्या काळात ऐकू येत असे. त्यामागे खरे यश होते. टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेने नायलॉनमध्ये मॉन्टमोरिलोनाइट माती पाच टक्क्यांहून कमी मिसळून ताठपणा जवळपास दुप्पट केला आणि भाराखाली वाकण्याचे तापमान ६५ अंशांवरून १४५ च्या आसपास नेले. पण ते कशाने साधले? मातीच्या पापुद्र्यांमध्ये आधी अमिनो आम्ल शिरवून त्यांना नायलॉनशी बांधले होते, आणि नायलॉन त्या पापुद्र्यांच्या मध्येच वाढवले होते. विजय झाला तो सांध्याच्या रचनेचाच. हीच युक्ती पॉलिप्रॉपिलीनमध्ये करू पाहिली तेव्हा पापुद्रे नीट सुटेनात, जोडणारे द्रव्य पुष्कळ घालावे लागू लागले, आणि रोजच्या वापरात स्वस्त शंखजिऱ्याने आपली जागा सोडली नाही.

अधिक गंभीर आक्षेप व्यवहाराचा आहे: ही सगळी प्रयोगशाळेतली गोष्ट, छोट्या कारखान्यात हे कसे जमणार? आक्षेप मी हलका मानत नाही. फिलर मास्टरबॅच म्हणून मिळणाऱ्या दाण्यात ७० ते ८० टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. तो हॉपरमध्ये ओतला आणि लहान स्क्रूच्या यंत्रातून थेट वस्तू काढली, तर कण पसरायला पुरेसा वेळ आणि जोर मिळत नाही. शिवाय ॲडिटिव्ह एकटे काम करत नाहीत, ते एकमेकांत हस्तक्षेप करतात. शंखजिऱ्यात लोहाचा अंश असेल तर तो उष्णतेत पॉलिप्रॉपिलीन लवकर कुजवतो. वर शंखजिऱ्याचा पृष्ठभाग प्लास्टिक टिकवणारे अँटिऑक्सिडंटच शोषून बसतो. नवीन नमुना उत्तम निघतो आणि ऊन-उष्णतेत वर्षभराने तोच पिचतो. पण या अडचणींवरून निघणारा निष्कर्ष माझ्या मताच्या विरुद्ध जात नाही. जो कारखानदार एक आकडा, म्हणजे भरण्याची टक्केवारी, पाळतो त्याला हे धोके दिसतच नाहीत. जो कणाचा आकार, थराचे प्रमाण आणि वस्तूची निकामी होण्याची तऱ्हा या तीन गोष्टी विचारतो, त्याला निदान कुठे चुकेल हे कळते. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. नमुना जाळून उरलेली राख तोलली की खनिज किती ते समजते. थर दिलेली भुकटी पाण्यावर टाकली तर तरंगते, उघडी भुकटी बुडते. वस्तूवर उंचीवरून वजन सोडून पाहणे तर कुठेही करता येते. पुरवठादाराच्या माहितीपत्रकावर ताठपणाच्या शेजारी आघातशक्तीचा आणि उष्णतेत ठेवल्यानंतरच्या आघातशक्तीचा आकडा मागणे, एवढे तर खरेदीदाराच्या हातात आहेच.

शेवटी पुनर्वापराचा प्रश्न, आणि तिथे मला माझ्याच बाजूची अडचण मांडली पाहिजे. भंगारातले प्लास्टिक वेगळे करण्याची जुनी रीत म्हणजे पाण्याची टाकी: पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन तरंगते, पीव्हीसी बुडते. टाल्क वजनाने सुमारे १४ टक्क्यांच्या पुढे गेला की पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याच्या वर जाते आणि तेही पीव्हीसीबरोबर तळाशी बसते. म्हणजे ज्या खनिजाने बंपर चांगला केला त्यानेच त्याला भंगारात चुकीच्या ढिगात ढकलले. यावर उपाय म्हणून सुट्या भागांवर खूण उमटवण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. एखाद्या भागाच्या आतल्या बाजूला ‘पीपी-टीडी२०’ असे लिहिलेले असते: पॉलिप्रॉपिलीन, टाल्क, भुकटीच्या रूपात, २० टक्के. या खुणेमुळे तो भाग योग्य ढिगात जाऊ शकतो. परंतु कणावर थर कोणता होता, सांधा मुद्दाम सैल ठेवला होता की मलेइक ॲनहायड्राइडने बांधला होता, अँटिऑक्सिडंट किती उरले आहे, यातले काहीही ती खूण सांगत नाही. पुन्हा दाणे करणारा दोन्ही प्रकारचे बंपर एकत्र वितळवतो. मिळतो तो धड ताठही नाही आणि धड चिवटही नाही असा माल, आणि मग त्याच्या कुंड्या आणि बादल्या होतात. खुणेत टक्केवारीच्या पुढे पृष्ठप्रक्रियेसाठी आणखी एक अक्षर घातले, तर सैल सांध्याचा माल पुन्हा आघात सोसणाऱ्या भागांकडे आणि बांधलेला माल भार सोसणाऱ्या भागांकडे जाऊ शकेल. साचा तसाही कोरला जातोच. एका अक्षराने त्याचा खर्च वाढत नाही.